शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, पण कोणतं आणि कसं?

अनुनासिक

एका संगीत संस्थेत अलीकडे इंग्रजी शिकवायला जाते. मुलं-मुली अठरा ते चोवीसच्या आसपासची. बहुतेक विशारद झालेली किंवा त्या वाटेवरची, जवळपास सगळी मराठी माध्यमातली. गाणारे जास्त, काही तबलेवाले, एक पखवाजी आणि एक सतारवाली.

अभ्यासक्रम आधीच ठरलेला आहे: रजेचा अर्ज, पोस्टातला संवाद, पॅसिव्ह व्हॉइस, 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल'. ही मुलं कुणाकडे रजेचा अर्ज देणार आहेत कुणास ठाऊक. पण खरी अडचण वेगळीच आहे. गुरुजींनी एक नवी बंदिश दोन-चारदा म्हटली की ती अंतऱ्यासकट यांच्या गळ्यात बसते. तीच मुलगी फळ्यावरचं साधं इंग्रजी वाक्य वाचायला उभी राहिली की आवाज खाली जातो, मान खाली जाते आणि शेवटचा शब्द तर ऐकूच येत नाही. तानेला न घाबरणारी पोरं 'व्हेअर आर यू फ्रॉम'ला घाबरतात.

माझं मत असं होत चाललंय की यांना पुस्तक बाजूला ठेवून, त्यांच्या तालमीच्याच पद्धतीने, म्हणजे आधी कानाने शिकवायला हवं. आणि विषयही त्यांचाच हवा. संस्थेतल्या एका ज्येष्ठांना हे 'शॉर्टकट' वाटतं. तुमच्यापैकी कुणी गाता-वाजवता इंग्रजी शिकलंय का? कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही?

*

वाचनमात्र

जागा पकडून ठेवतो. घरात एक तबलजी आहे आणि त्याचं इंग्रजी 'धा' वरच अडतं.

*

ठेका_सोडू_नका

माझा अनुभव तबल्याकडून. माझं इंग्रजी सुधारलं ते व्याकरणाने नाही, लयीने. आपण इंग्रजी बोलताना प्रत्येक अक्षराला सारखी मात्रा देतो. इंग्रजीत तसं नसतं. वजनदार शब्दांवर टाळी पडते आणि मधले बारके शब्द मिळेल त्या जागेत कोंबले जातात.

हे करून बघा. चार मात्रा धरा, चौथी रिकामी सोडा. पहिलं वाक्य 'स्टूडंट्स लर्न रागाज'. तीन शब्द, तीन टाळ्या. आता लय तीच ठेवून 'द स्टूडंट्स आर लर्निंग द रागाज'. मग 'द स्टूडंट्स हॅव बीन लर्निंग सम रागाज'. टाळ्या तीनच पडल्या पाहिजेत: 'स्टू'वर, 'लर्'वर, 'रा'वर. म्हणजे 'हॅव बीन'ला दुगुनीत, दुप्पट वेगात, जावं लागतं आणि ते आपोआप 'अव्बिन' होतं. गोरे लोक बोलताना आपल्याला जे 'खाल्ल्यासारखं' ऐकू येतं ते हेच.

वर्गातल्या पखवाजीला टाळी धरायला बसवा. गाणारे लय सोडतात, त्याला विचारा, तो पुराव्यासकट सांगेल.

*

कोमल_निषाद

@ठेका, शेवटच्या वाक्याचा निषेध. समस्त गायकांतर्फे. 😀

*

ठेका_सोडू_नका

निषेध समेवर आला असता तर नोंदवून घेतला असता.

*

अप्पाबुवा

मी जरा उलट बोलतो. मुळात इंग्रजी कशाला? अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले, अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत. त्यांच्याकडे शिकायला मराठी माणसं गेली. कुणी 'स्पोकन उर्दू'चा वर्ग लावला होता की खाँसाहेबांनी 'तीस दिवसांत मराठी' घोकलं होतं? त्याआधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेर गायकीसाठी पार उत्तरेत गेले. विद्या हवी असली की माणूस भाषा शिकतो. ज्याला आपलं गाणं ऐकायचंय तो शिकेल हिंदी.

मुलांचा रियाजाचा वेळ या वर्गांमध्ये जातो. सकाळचा खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज चुकला तर तो इंग्रजीने भरून निघत नाही.

*

चिकित्सक

अप्पा, तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतोय. बाळकृष्णबुवा भाषा शिकलेच की! वर्गात नाही, गुरुगृही राहून, दिवसभर कानावर पडून. अनुनासिक ताई तेच तर म्हणतायत.

आणि संगीतशास्त्रकार भातखंडे? ते वकील होते. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली, पण १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर भाषण केलं ते इंग्रजीत. परिषदेला देशभरातून आलेली मंडळी होती, त्यांना जे समजेल त्यात बोलले. त्याने त्यांचं संगीत पातळ झालं नाही.

माझी शंका मात्र वेगळी आहे. कानाने शिकवा, मान्य. पण आपल्या मुलांना कानाने शिकण्याची एक वाईट सवयही आहे. ब्रज भाषेतली बंदिश म्हणतात, उच्चार झकास, आणि अर्थ विचारला की गुरुजींकडे बघतात. मी एका नामांकित स्पर्धेत परीक्षकांच्या मागे बसून ऐकलंय: विरहाची बंदिश, आणि चेहऱ्यावर बक्षीस लागल्याचा आनंद. हेच इंग्रजीत होणार. 'थँक यू फॉर युअर वॉर्म वेलकम' पाठ, आणि कुणी पुढचा प्रश्न विचारला की शांतता.

*

अनुनासिक

@ठेका, आज करून पाहिलं. पखवाजीला खरंच टाळीला बसवलं. जी मुलगी वाचताना पुटपुटते ती 'अव्बिन लर्निंग'पर्यंत अशी धावली की बाकीचे हसायला लागले, आणि तीही. सतारवालीने विचारलं, 'मॅडम, चौथी मात्रा रिकामी का?' मला उत्तर सुचलं नाही. पखवाजीच म्हणाला, 'श्वास घ्यायला.'

@चिकित्सक, तुमची शंका रास्त आहे. पाठ केलेलं वाक्य आणि बोललेलं वाक्य यातला फरक मलाही अडवतोय.

*

खर्ज

मी ऑनलाइन गायन शिकवते. शिष्य बरेचसे परदेशातले, काही तिकडेच जन्मलेले मराठी-गुजराती, काही पूर्ण गोरे. माझं इंग्रजी बेताचंच होतं आणि आजही फार मोठं नाही. पण शिकवायला लागणारं इंग्रजी मोजकं असतं आणि ते रोज फिरून फिरून येतं: पुन्हा मुखड्यापासून, घाई नको, स्वर धरून ठेव, आधी ऐक मग म्हण, इथे श्वास घेऊ नकोस. अशी वाक्यं तोंडात बसली की निम्मा तास निघतो. उरलेल्या निम्म्यात गायचंच असतं.

घोळ होतो तो फ्लॅट-शार्पचा. एका शिष्येला मी सांगत होते, 'युअर गा इज फ्लॅट'. मला म्हणायचं होतं, गंधार किंचित उतरतोय. पण इंग्रजीत कोमल स्वरालाही 'फ्लॅट'च म्हणतात. ती बिचारी यमनमध्ये, जिथे गंधार शुद्धच असतो, कोमल गंधार लावायला लागली! मी आणखी जोरात 'नो, नो, फ्लॅट!' आणि ती आणखी कोमल. आता मी 'अ लिटल लो, ब्रिंग इट अप' म्हणते. हे कुठल्याही इंग्रजीच्या पुस्तकात सापडणार नाही.

दुसरी गोष्ट भाषेची नाही पण लागतेच. झूमवर आवाज स्वच्छ करणारी जी सोय असते तिला तानपुरा म्हणजे पंख्याचा आवाज वाटतो. ती तो पुसून टाकते. मग शिष्य निराधार गात बसतो आणि आपण त्याला बेसुरा म्हणतो. 'ओरिजिनल साउंड' चालू करायला समोरच्याला इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. आणि दोघांनी एकत्र गायचा प्रयत्न करू नका, आवाज मागेपुढे पोचतो. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उचलायचं. शेवटी गुरुमुखी पद्धतच.

*

वाचनमात्र

कोमल गंधाराचा यमन... गुरूच्या आज्ञेने राग बदलण्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

*

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमांची जमवाजमव करतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

कलाकाराचं इंग्रजी व्याकरणशुद्ध नसलं तर इथे कुणाचंही काही अडत नाही. अडतं ते साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना. स्थानिक ध्वनितंत्रज्ञ कॉलेजातला पोरगा असतो, त्याने तानपुरा आयुष्यात पाहिलेला नसतो. त्याला सांगता आलं पाहिजे की माझ्या मॉनिटरमध्ये (माझ्यासमोरच्या स्पीकरमध्ये) तबला कमी, तानपुरा जास्त, रिव्हर्ब (घुमारा) काढून टाक. आमचे एक गायक फक्त 'गुड, गुड' म्हणत राहिले आणि मग मैफलभर कपाळाला आठ्या. मध्यंतरात मराठीत आमच्यावर राग!

दुसरं म्हणजे निवेदन. रसिकांमध्ये आता निम्मी मुलं, जावई, सुना, शेजारी. त्यांना राग समजावून सांगायला पंधरा मिनिटांचं व्याख्यान नको. दीड मिनिट पुरे. रागाचं नाव, वेळ, एक स्वर जो त्यांनी ऐकावा, आणि ताल मोजायचा कसा ते हाताने दाखवा. बाकी गाणं बोलेल.

तिसरं कागदपत्रं. आपले कलाकार पी-३ व्हिसावर येतात. तो अर्ज इथल्या आयोजकाच्या नावाने होतो आणि त्यात ही कला सांस्कृतिकदृष्ट्या वेगळी आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी परिचय लागतो, तो कलाकाराने स्वतः लिहिलेला असेल तर फार बरं. मला आलेले काही परिचय असे असतात की 'ही हॅज गिव्हन मेनी प्रोग्रॅम्स अँड ऑडियन्स वॉज मेस्मराइज्ड'. कुठे, कधी, कुणाबरोबर? काही नाही. मेस्मराइज्ड मात्र प्रत्येक परिच्छेदात.

*

मींडवाला

@सातासमुद्रापार, हाहा, 'मेस्मराइज्ड' आणि 'सोलफुल'. प्रत्येक कलाकार 'बॉर्न इन अ म्युझिकल फॅमिली' असतो. अमुक वयात पहिला कार्यक्रम, तमुक गुरूंचा गंडा (शिष्यत्वाचा धागा), आणि मग पुरस्कारांची यादी पागोट्यासारखी लांब. यात कलाकाराने नेमकं काय गायलं, कशावर काम केलं, ते कुठेच नसतं. ताई, वर्गात एक तास फक्त परिचय लिहायला द्या. मोजून शंभर शब्द. विशेषण वापरलं की एक शब्द कापायचा.

*

अप्पाबुवा

बांगलादेशच्या मदतीची ती १९७१ ची न्यूयॉर्कची मैफल आठवते का? मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकर आणि अली अकबर नुसतं सूर जुळवत होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या...

*

कोमल_निषाद

हा किस्सा येणार हे मी पहिल्या पानावरच ओळखलं होतं.

*

अप्पाबुवा

येणारच. पण पूर्ण ऐका. रविशंकरांनी हसत हसत सांगितलं की जुळवणं इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल. एका वाक्यात समोरच्याचा अपमान न करता शिकवून टाकलं. हे व्याकरणाच्या वर्गात येतं का? ते धाकटे असल्यापासून भावाच्या नृत्यमंडळीबरोबर युरोपभर फिरले होते, कान तयार होता. म्हणजे माझा मुद्दा अजून तोच आहे: वर्ग नको, संगत हवी.

*

चिकित्सक

अप्पा, प्रत्येकाला युरोपभर फिरणारा मोठा भाऊ कुठून आणायचा? म्हणून तर वर्ग.

*

मूर्धन्य

भाषाविज्ञान माझा विषय, गाणं फक्त ऐकण्यापुरतं. दोन गोष्टी.

ठेका यांचा टाळीचा प्रयोग उत्तम आहे, तो शिकवण्याच्या जगात नवा नाही. अमेरिकेत कॅरोलिन ग्रॅहम यांनी १९७० च्या दशकात जॅझच्या ठेक्यावर वाक्यं म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि ती पद्धत जगभर पसरली. फक्त एवढं लक्षात ठेवा की इंग्रज माणूस मात्रा मोजून बोलत नाही. यंत्रावर मोजलं तर आघातांमधली अंतरं सारखी भरत नाहीत. शिकण्यापुरता हा आधार धरायचा आणि नंतर सोडायचा.

दुसरी गोष्ट उच्चारांची. इथे तुमच्या तबलेवाल्यांना मोठा फायदा आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला आघात असलेले प, ट, क थोड्या श्वासाने येतात. 'पेन' म्हणताना ओठांपुढे तळहात धरला तर हवेचा झोत जाणवला पाहिजे. आपण मराठी 'प' लावतो, त्यात झोत नाही, म्हणून परक्या कानाला तो 'ब' वाटतो. आता 'युअर पिच इज लो' या वाक्यातल्या 'पिच'चं काय ऐकू येत असेल ते मी इथे लिहीत नाही. शिष्यांना सांगण्यापूर्वी तळहात धरून पाहा.

ज्याने 'ता' आणि 'था', 'दा' आणि 'धा' वर्षानुवर्षं हाताने आणि तोंडाने वेगळे केलेत त्याला हे पाच मिनिटांत जमतं. 'ट'चंही तसंच. इंग्रजी 'ट' आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधे, हिरड्यांच्या कडेवर लागतो. व्हॉइसमधला 'व्ह' दात ओठावर टेकवून, आणि 'वन'मधला 'व' ओठ गोल करून. झालं. एवढ्याने समजण्याजोगा उच्चार होतो. बाकी 'ऍक्सेंट' बदलण्याच्या भानगडीत पडू नये. मराठी वळणाचं इंग्रजी स्वच्छ असेल तर ते छानच वाटतं.

*

खर्ज

@मूर्धन्य, बापरे. मी इतकी वर्षं 'पिच' म्हणतेय. आता काही शिष्यांच्या चेहऱ्याचा अर्थ लागला.

*

वाचनमात्र

😂😂 तळहात धरून बसलोय. घरचे विचारतायत काय झालं.

*

सरगम_जोशीबाग

थोडं अवांतर. मुलांना स्वर-पट्टीचं इंग्रजीही लागतं. परदेशी पियानोवाल्याला किंवा सेलोवाल्याला 'काळी एक' (पेटीवरची पहिली काळी पट्टी) सांगून चालत नाही. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी पाच म्हणजे ए शार्प, ज्याला ते बहुधा बी फ्लॅट म्हणतात. आमच्या एका मित्राने साउंडवाल्याला 'आय सिंग इन ब्लॅक वन' सांगितलं. त्याने काळा माइक आणून दिला.

त्याचबरोबर आपले थाट (रागांचे मूळ स्वरसमूह) आणि त्यांचे जुने मोड्स (स्वरपट्ट्या) यांची जोडी: बिलावल म्हणजे मेजर स्केल, कल्याण म्हणजे लिडियन, काफी म्हणजे डोरियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन. हे एकदा सांगितलं की पाश्चात्त्य वादक लगेच रुळतो.

*

मींडवाला

रुळतो आणि चुकीच्या रुळावर जातो. थाटाची तुलना ठीक, पण राग म्हणजे स्वरांची पट्टी नव्हे. 'यमन इज लिडियन' म्हटलं की तो सा रे ग म सरळ वाजवायला लागतो, आणि आपण नि रे ग म्हणून सुरू करतो. पकड (रागाची ओळख पटवणारे स्वर), चलन (रागाची चाल), न्यास (थांबायचा स्वर) हे सगळं गेलं. शिवाय मारवा, पूर्वी, तोडी, भैरव यांना त्यांच्या जुन्या मोड्समध्ये जोडच नाही, तिथे काय सांगणार?

*

सरगम_जोशीबाग

दारापर्यंत न्यायला ती तुलना पुरते असं म्हणतोय मी. आत गेल्यावर चलन दाखवा. दीड मिनिटात किती सांगणार?

*

मींडवाला

दीड मिनिटात नि रे ग गाऊन दाखवायचं. शब्द कशाला?

*

अनुनासिक

तुमचा वाद मी जसाच्या तसा वर्गात नेला. दोन गट केले, एक सरगम यांच्या बाजूचा, एक मींडवाला यांच्या. इंग्रजीत भांडायचं, शब्द अडला तर गाऊन दाखवायची मुभा. पहिल्यांदाच असं झालं की तास संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. 'नो, नो, यू आर राँग, लिसन!' म्हणून त्या पुटपुटणाऱ्या मुलीने पूर्वांग गाऊन दाखवला आणि मग स्वतःहून पुढे बोलली. वाक्यं मोडकी होती, पण तिचीच होती, पाठ केलेली नव्हती. @चिकित्सक, तुमच्या शंकेला हे उत्तर पुरतं का ते सांगा.

*

चिकित्सक

पुरतं. कारण तिथे तिला सांगायचं काहीतरी होतं. पण ताई, एक खटकलं तर सांगतो: लिहिण्या-वाचण्याला सगळ्यांनीच रजा दिल्यासारखी वाटते. कानाचं कौतुक करता करता डोळे राहून जातात. आपल्या कलाकारांचं नुकसान बोलण्यात होत नाही, न वाचता सही करण्यात होतं.

*

सातासमुद्रापार

+१००. कृपया हे धाग्याच्या माथ्यावर टाका. मानधन ठरतं एक, हातात येतं भलतंच. परदेशी कलाकाराच्या मानधनातून इथे साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापतात. करारात रक्कम कर कापण्याआधीची आहे की नंतरची, हे एक वाक्य न वाचल्यामुळे मैत्री तुटलेल्या मी पाहिल्यात. तसंच ध्वनिमुद्रणाचं. कार्यक्रमाचं चित्रीकरण कुणाच्या मालकीचं, यूट्यूबवर कोण टाकणार, किती काळ, हे सगळं खालच्या बारीक अक्षरांत असतं.

*

तुंबा

मी मिरजेचा, वाद्यं बनवणाऱ्या घरातला. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक निर्देशांक) मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरून विचारणा वाढल्यात. आमच्याकडे तर इंग्रजी लिहायला-वाचायलाच जास्त लागतं. गिऱ्हाईक ईमेलवर विचारतं: जवारी (घोडीवर तार टेकते तिथला गुंजारव) उघडी हवी की बंद, तुंबा (खालचा भोपळा) किती मोठा, वाद्य ठेवायची पेटी फायबरची की लाकडाची. लाकडाचं नाव कागदावर नीट लिहावं लागतं, कारण शिसवीच्या जातकुळीतल्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत. २०१७ मध्ये ते कडक झाले होते, नंतर तयार वाद्यांना सूट मिळाली. पण विमानतळावरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. 'हे तुण आहे, शिसवी नाही' असं कागदावर असलं की वाद्य सुटतं.

जवारी फोनवरून समजावणं मात्र अजून जमलेलं नाही. मी तार छेडून आवाजाची फीत पाठवतो आणि लिहितो, 'धिस ऑर धिस?'

*

मूर्धन्य

'धिस ऑर धिस' हा ग्राहकाशी बोलण्याचा सर्वोत्तम इंग्रजी धडा आहे. गंमत करत नाही.

*

अनुनासिक

सगळ्यांचं वाचून मी आता असं ठरवतेय. बोलणं कानाने आणि टाळीने. साउंड चेकचं एक छोटं नाटुकलं, त्यात एकाने काहीच न समजणारा तंत्रज्ञ व्हायचं. परिचय शंभर शब्दांत. आणि वाचायला खरेखुरे करार, ईमेल, व्हिसाचे अर्ज. रजेचा अर्ज मात्र अभ्यासक्रमात आहे म्हणून करावाच लागेल, आणि पॅसिव्ह व्हॉइसही. परीक्षेत दहा गुण आहेत. पॅसिव्हला काय विषय देऊ सुचत नाहीये. 'द तानपुरा वॉज ट्यून्ड बाय हिम' छापाची वाक्यं मलाच नकोशी झालीत.

*

खर्ज

ताई, पॅसिव्हसाठी करारच घ्या! सगळे करार पॅसिव्हमध्येच असतात. 'पेमेंट विल बी मेड विदिन थर्टी डेज.' मुलांना विचारा, कोण करणार? वाक्यात कर्ताच नाही. 'रेकॉर्डिंग मे बी यूज्ड फॉर प्रमोशन.' कोण वापरणार? 'ट्रॅव्हल विल बी अरेंज्ड.' कुणी? प्रत्येक वाक्यात गायब झालेला माणूस शोधून ते सरळ करायला लावा. दहा गुणही मिळतील आणि मानधनही.

*

ठेका_सोडू_नका

खर्ज ताई, हे भारी आहे. मला एका आयोजकांची चिठ्ठी आठवली, 'तबला अकम्पनी विल बी कन्सिडर्ड'. अजून कन्सिडरच चाललंय.

*

अप्पाबुवा

हे मात्र शिकवा. माझा विरोध मागे घेतलेला नाही, पण हे शिकवा. आमच्या पिढीने 'पाहू, देऊ' यावर किती मैफली केल्या त्याचा हिशेब नको. रियाज संपल्यावर शिकवा, एवढीच अट.

*

सातासमुद्रापार

खर्ज यांचं वाचून आमच्या मंडळाचं गेल्या कार्यक्रमाचं पत्र काढून पाहिलं. 'ऑनोरेरियम विल बी पेड आफ्टर द इव्हेंट.'

*

कोमल_निषाद

कोणाकडून?

*

सातासमुद्रापार

खजिनदारांना विचारतो. ते सुट्टीवर आहेत.